डीएनएच्या चौकात : एकेका रेणूच्या हालचालीचे निरीक्षण

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरजवळ पैनगंगा नदीवर सहस्रकुंड धबधबा आहे. पावसाळ्यात नदीचे पात्र येथे अनेक धारांत विभागले जाते आणि खडकांवरून खाली कोसळते. दुरून पाहणाऱ्यास मात्र पांढऱ्या पाण्याचा एक अखंड पडदा दिसतो. छायाचित्रात तर तो स्थिरच भासतो. त्या पडद्यातील एखादा थेंब कोणत्या धारेतून आला, वाटेत त्याने धार बदलली काय, हे पडद्याकडे पाहून कधीच सांगता येत नाही. जीवशास्त्रातील एका महत्त्वाच्या रेणूबाबत शास्त्रज्ञांची अनेक वर्षे हीच स्थिती होती. अब्जावधी रेणूंचा एकत्रित पडदा त्यांना दिसत होता. एकटा रेणू दिसत नव्हता. तो रेणू म्हणजे शाखा फुटलेला डीएनए. एकेका रेणूवर नजर ठेवण्याची पद्धत हाती आल्यावर, स्थिर समजला गेलेला हा रेणू क्षणोक्षणी आपले रूप पालटत असल्याचे उघड झाले. त्या शोधाची आणि त्याच्या महत्त्वाची ही ओळख.

शाखा कशी फुटते?

डीएनए म्हणजे एकमेकांभोवती गुंफलेल्या दोन धाग्यांचा सर्पिल जिना, हे चित्र १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी मांडले आणि ते आता शालेय पाठ्यपुस्तकांतही आढळते. या जिन्याची जाडी सुमारे २ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जिन्याच्या पायऱ्या अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांच्या जोड्यांनी बनलेल्या असतात. त्यांच्या क्रमातच आनुवंशिक माहिती साठवलेली असते.

हा जिना नेहमी सरळच असतो असे नाही. आईवडिलांकडून आलेली गुणसूत्रे बीजपेशी तयार होताना परस्परांशेजारी येतात आणि त्यांच्यात काही भागांची देवाणघेवाण होते. सख्ख्या भावंडांतही वेगळेपण दिसते, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. ही देवाणघेवाण रेणूंच्या पातळीवर कशी घडत असेल, याचे एक स्पष्टीकरण ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन हॉलिडे यांनी १९६४ मध्ये बुरशींच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासातून सुचविले. शेजारी आलेल्या दोन डीएनएंचा प्रत्येकी एक धागा तुटतो, तुटलेली टोके एकमेकांच्या जिन्यात जाऊन जुळतात आणि दोन्ही रेणू एका ठिकाणी परस्परांत अडकतात, अशी ही कल्पना होती. या अडकलेल्या ठिकाणी चार भुजा एकत्र येतात. त्यालाच पुढे ‘हॉलिडे जंक्शन’ असे नाव मिळाले.

जंक्शन हा शब्द येथे समर्पक आहे. मुदखेड जंक्शनवर नांदेड, निजामाबाद आणि किनवटमार्गे आदिलाबाद अशा तीन दिशांचे लोहमार्ग मिळतात. हॉलिडे यांच्या जंक्शनमध्ये चार मार्ग मिळतात. फरक एवढाच की, रेल्वेचे जंक्शन जागचे हलत नाही. डीएनएचे जंक्शन मात्र रुळांवरून सरकू शकते. दोन्ही डीएनएंतील मजकूर सारखाच असेल, तर एका बाजूची जोडी उकलून दुसऱ्या बाजूला तशीच जोडी जुळते आणि चौक एक पायरी पुढे जातो. या क्रियेला शाखा-स्थलांतर म्हणतात. चौक जेवढा सरकेल, तेवढ्या लांबीच्या धाग्यांची अदलाबदल होते.

चौकाची आकृती

हॉलिडे जंक्शन नेमके दिसते कसे, हा पुढचा प्रश्न होता. निसर्गातील चौक सरकत असल्याने आणि अल्पजीवी असल्याने त्याचा अभ्यास अवघड होता. अमेरिकेतील नेड्रियन सीमन यांनी त्यावर तोड काढली. चारही भुजांतील मजकूर परस्परांशी न जुळणारा ठेवला, तर चौक सरकूच शकणार नाही, हे त्यांनी ओळखले. प्रयोगशाळेत तयार केलेल्या लहान धाग्यांपासून असा अचल चौक १९८३ मध्ये बनविण्यात आला. हा चौक वीट म्हणून वापरून डीएनएच्या जाळ्या आणि आकृत्या बांधता येतील, ही सीमन यांचीच कल्पना. डीएनए नॅनोतंत्रज्ञान नावाची शाखा तिच्यातून उभी राहिली.

त्यानंतर स्कॉटलंडमधील डंडी येथे डेव्हिड लिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चौकांच्या आकाराचा पद्धतशीर अभ्यास केला. १९८८ आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी पाठ्यपुस्तकातील चित्र बदलले. द्रावणात मॅग्नेशियमसारखे धनभारित आयन पुरेसे नसतील, तर चार भुजा अधिकच्या चिन्हाप्रमाणे चारी दिशांना पसरतात. डीएनएचा कणा ऋणभारित असल्याने भुजा एकमेकींना दूर लोटतात, हे त्याचे कारण. मॅग्नेशियम मिळाले की हा भार झाकला जातो. भुजा दोन-दोनच्या जोडीने एकमेकींवर रचल्या जातात आणि चौकाला इंग्रजी एक्स अक्षरासारखी तिरपी आकृती येते. पाठ्यपुस्तकांत दोन्ही जिने एकाच दिशेने समांतर धावताना दाखवीत. प्रत्यक्षात ते परस्परविरुद्ध दिशांनी असतात. १९९९ नंतर मिळालेल्या स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रांनीही या तिरप्या आकृतीला दुजोरा दिला.

येथे एक पेच उरला. चार भुजांना क्रमाने १, २, ३ आणि ४ असे क्रमांक दिले, तर जोड्या दोन प्रकारे लागू शकतात. भुजा १ ही २ वर आणि ३ ही ४ वर, किंवा भुजा १ ही ४ वर आणि २ ही ३ वर. बाह्यतः दोन्ही आकृत्या सारख्याच दिसतात. परंतु कोणते धागे सरळ जातात आणि कोणते मध्यावर वळून पलीकडच्या जिन्यात शिरतात, हे दोहोंत वेगळे असते. एखादा चौक यांपैकी एका रूपात कायम राहतो, की दोहोंत ये-जा करतो? करीत असेल तर किती वेळा? जुन्या पद्धतींपाशी या प्रश्नांचे थेट उत्तर नव्हते.

सरासरीची मर्यादा

त्याचे कारण समजण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. जीवरसायनशास्त्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या विरलतेच्या द्रावणाचा एक लहानसा थेंब, म्हणजे एक मायक्रोलिटर, घेतला तरी त्यात सुमारे ६० हजार कोटी रेणू असू शकतात. उपकरण मोजते ती या सर्वांची सरासरी. निम्मे रेणू पहिल्या रूपात आणि निम्मे दुसऱ्या रूपात असतील, तर दोन भुजांच्या टोकांतील अंतर मधलेच कुठले तरी मिळेल. ते अंतर एकाही रेणूचे नसेल. एखाद्या घरात एक माणूस दोन भाकरी खातो आणि दुसरा उपाशी राहतो, तरी सरासरीने दोघांनी एकेक भाकरी खाल्लेली असते. तसाच हा प्रकार.

दुसरी अडचण वेळेची होती. प्रत्येक रेणू आपल्या लहरीप्रमाणे, इतरांशी कोणताही मेळ न ठेवता रूप पालटतो. एका क्षणी जेवढे इकडून तिकडे जातात, साधारण तेवढेच तिकडून इकडे येतात. त्यामुळे समुदायाकडे पाहिल्यास काहीच घडत नसल्याचे वाटते. ही हालचाल पाहायची तर एकच रेणू वेगळा काढून त्यावर सतत नजर ठेवणे हाच मार्ग होता.

रेणूची मोजपट्टी

दोन नॅनोमीटर जाडीची वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच त्याच्या कित्येक पटींनी मोठी असते. म्हणून रेणूचा आकार थेट न पाहता त्याच्या दोन टोकांमधील अंतर मोजण्याची युक्ती वापरली जाते. तिचा सैद्धांतिक पाया जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फर्स्टर यांनी १९४८ मध्ये घातला. काही रंगद्रव्ये एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. अशी दोन योग्य रंगद्रव्ये अगदी जवळ आली, तर पहिल्याने शोषलेली ऊर्जा ते स्वतः प्रकाशरूपाने न टाकता दुसऱ्याच्या हवाली करते आणि मग दुसरे चमकते. पहिल्या रंगद्रव्याला दाता आणि दुसऱ्याला ग्राही म्हणतात.

ही देवघेव अंतराबाबत कमालीची संवेदनशील असते. विशिष्ट अंतरावर, बहुधा ५ ते ६ नॅनोमीटरवर, निम्मी ऊर्जा ग्राहीकडे जाते. अंतर त्याच्या निम्मे झाले तर हे प्रमाण ९८ टक्क्यांवर पोहोचते. दुप्पट झाले तर दीड टक्क्यापर्यंत घसरते. दाता आणि ग्राही यांच्या रंगांचे प्रमाण पाहून त्यांच्यातील अंतराचा अंदाज येतो. १९६७ मध्ये लुबर्ट स्ट्रायर आणि रिचर्ड हॉगलंड यांनी ही पद्धत रेणूंसाठी मोजपट्टीसारखी वापरता येते हे दाखवून दिले. लिली यांच्या गटानेही १९८९ मध्ये चौकाच्या आकृतीसाठी तीच वापरली होती. परंतु ते मोजमाप रेणूंच्या समुदायाचे होते.

एकट्या रेणूचा प्रकाश टिपण्याची क्षमता नंतर आली. १९८९ मध्ये विल्यम मोर्नर यांनी अतिशीत स्फटिकातील एका रेणूचे प्रकाशशोषण नोंदविले. मोर्नर यांना पुढे २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. १९९६ मध्ये तेकजिप हा, शिमॉन वाइस आणि सहकाऱ्यांनी दाता-ग्राहीची एकच जोडी वेगळी पाहून ऊर्जेची देवघेव मोजली. मोजपट्टी होतीच, आता ती एकेका रेणूला लावता येऊ लागली.

प्रयोगाची मांडणी

या प्रयोगांची रचना तत्त्वतः सोपी असते. कृत्रिम डीएनएच्या चार धाग्यांपासून चौक तयार केला जातो. एका भुजेच्या टोकाला हिरवट-पिवळा प्रकाश देणारा दाता आणि शेजारच्या भुजेच्या टोकाला तांबडा प्रकाश देणारा ग्राही जोडतात. तिसऱ्या भुजेच्या टोकाला बायोटिन हे जीवनसत्त्व बसवितात. काचेच्या पट्टीवर बायोटिनला घट्ट धरून ठेवणारे प्रथिन अगोदरच लावलेले असते. पुरेसे विरल द्रावण सोडले की चौक त्या पट्टीवर एकमेकांपासून दूर दूर चिकटतात आणि प्रत्येक रेणू स्वतंत्र ठिपका म्हणून दिसतो.

प्रकाशझोत मात्र जपून टाकावा लागतो. सगळे द्रावण उजळले, तर पार्श्वभूमीच्या प्रकाशात हे मंद ठिपके हरवून जातील. म्हणून हिरवा लेसर अशा कोनातून टाकतात की तो काच आणि पाणी यांच्या सीमेवरून पूर्णपणे परावर्तित होतो. केवळ सीमेलगतचा शंभर-दोनशे नॅनोमीटरचा पातळ थर उजळतो. अतिसंवेदनशील कॅमेरा एकाच वेळी शेकडो ठिपक्यांचे चित्रण करतो. संगणक प्रत्येक ठिपक्यातील दोन रंगांची तीव्रता काळानुसार आलेखात मांडतो.

रंगद्रव्ये अमर नसतात. सतत प्रकाश पडल्याने, विशेषतः ऑक्सिजनच्या उपस्थितीत, ती काही काळाने कायमची विझतात. म्हणून द्रावणातील ऑक्सिजन शोषून घेणारी विकरे त्यात मिसळतात. तरीही एकेका रेणूची कहाणी बहुतेक वेळा सेकंदांत किंवा फार तर काही मिनिटांत संपते. विझण्याची ही घटनाही उपयोगी पडते. ठिपका पायरीपायरीने न मंदावता एका झटक्यात विझला, तर तो एकच रेणू होता याची ती खूण असते.

२००३ : चौक हलताना दिसला

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात प्रा. तेकजिप हा यांच्या प्रयोगशाळेत शॉन मॅकिनी यांनी, डंडी येथील अ‍ॅन-सेसिल देक्ले आणि डेव्हिड लिली यांच्या साह्याने, हा प्रयोग हॉलिडे जंक्शनवर केला. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकेका चौकाच्या आलेखात दोनच पातळ्या दिसत होत्या. कधी तांबडा प्रकाश वाढलेला, म्हणजे दोन टोके जवळ. कधी हिरवट प्रकाश वाढलेला, म्हणजे टोके दूर. या दोन पातळ्यांमध्ये आलेख पुन्हा पुन्हा उडी घेत होता. चौक दोन्ही रूपांत ये-जा करतो, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

त्या प्रयोगांतून आणखी तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, कोणत्या रूपात चौक अधिक वेळ राहतो हे मध्याजवळच्या क्षारकांच्या क्रमावर अवलंबून असते. काही चौक दोन्ही रूपांत जवळपास सारखाच वेळ घालवितात. काही एका रूपाला स्पष्ट झुकते माप देतात. दुसरी, मॅग्नेशियम वाढविले की उड्यांचा वेग घटतो. मात्र दोन रूपांतील वाटणी फारशी बदलत नाही. एका रूपातून दुसऱ्यात जाताना चौकाला वाटेत उघडे, पसरलेले रूप घ्यावे लागते आणि मॅग्नेशियम तो मार्ग कठीण करते, असा त्याचा अर्थ. तिसरी, जुन्या पाठ्यपुस्तकांतील समांतर आकृती या निरीक्षणांत आढळली नाही. समुदायाच्या मोजमापांतून यांतील काही गोष्टींचा तर्क झालेला होता; आता त्या डोळ्यांसमोर होत्या.

सरकणारा चौक, ओढलेला चौक

पुढील वर्षांत प्रश्न अधिक बारीक होत गेले. २००५ मध्ये याच गटाने मुद्दाम एक पायरी सरकू शकेल असा चौक बांधला आणि शाखा-स्थलांतर एकेका पायरीने घडताना पाहिले. रूप पालटणे आणि सरकणे या दोन वेगळ्या क्रिया असल्या, तरी दोहोंची वाट त्याच उघड्या रूपातून जाते, असे त्यातून दिसले. मॅग्नेशियम असताना शाखा-स्थलांतर सुमारे हजारपटीने मंदावते, हे १९९४ मध्येच समुदायावरील प्रयोगांत आढळले होते. त्याचे कारण आता रेणूच्या पातळीवर समजू लागले.

२००७ मध्ये सुंगचुल होंग आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या चिमट्याने चौकाची भुजा हळुवार ओढली आणि त्याच वेळी रंगही मोजले. अवघ्या अर्ध्या पिकोन्यूटनएवढे बल चौकाचा तोल एका बाजूला झुकविण्यास पुरते, असे दिसले. एक पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा दशलक्ष-दशलक्षांश भाग. पेशीतील प्रथिने याहून कितीतरी मोठे बल सहज लावतात. त्यामुळे पेशीत या चौकाला वळण लावणे प्रथिनांना कठीण नसावे.

२०१२ मध्ये आणखी एक अनपेक्षित बाब पुढे आली. चांगबोंग ह्यॉन, सुंगचुल होंग आणि मूळ भारतीय शास्त्रज्ञ देवराजन तिरुमलै आदींनी दाखविले की, रासायनिकदृष्ट्या एकसारखे चौकही एकाच लयीत वागत नाहीत. कुणी सावकाश, कुणी चपळ. कुणी एका रूपाकडे झुकलेले. निरीक्षणाच्या काळात प्रत्येक रेणू आपली लय सांभाळून राहतो. मॅग्नेशियम काढून घेऊन पुन्हा दिले, की अनेक रेणू आपली लय बदलतात. मध्याशी अडकलेले आयन रेणूला त्या लयीत जखडून ठेवतात, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. समुदायाच्या सरासरीत ही विविधता लोप पावली असती.

अर्थात, असा वेगळेपणा खरा की काचेला चिकटल्यामुळे आलेला, अशी शंका सुरुवातीपासून घेतली गेली. ती रास्तही होती. रंगद्रव्य जोडल्याने किंवा पृष्ठभागाच्या स्पर्शाने रेणूचे वर्तन बदलू शकते. २००४ मध्ये एका शाखायुक्त आरएनए रेणूबाबत ही शंका तपासण्यासाठी तो मेदाच्या अतिसूक्ष्म पिशवीत कोंडून, काचेला न चिकटविता पाहण्यात आला. वेगळेपण तसेच राहिले. पृष्ठभागावर ठपका ठेवता आला नाही.

आरएनएमधील शाखा

शाखा हा आरएनएचा तर स्थायीभावच आहे. एकाच धाग्याचे भाग स्वतःवर दुमडून जोड्या लावतात आणि जागोजाग तिठे, चौक निर्माण होतात. प्रथिने बनविताना अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या आरएनएची तिपानी आकृती हे त्याचे परिचित उदाहरण. काही आरएनए विकराप्रमाणे स्वतःच धागा कापतात व जोडतात. हेअरपिन रायबोझाइम हे त्यांपैकी एक. त्याच्या नैसर्गिक रूपात चार भुजांचा चौक असतो. २००३ मधील एकरेणू-प्रयोगांत असे आढळले की, हा चौक रेणूचे योग्य दुमडणे वेगवान करतो. तो सतत हलत असल्याने कापणी करणारे दोन भाग वारंवार एकमेकांसमोर येतात. शाखेची अस्थिरता हा तिचा दोष नाही. तिचे कार्यच त्या अस्थिरतेवर अवलंबून असते.

पेशीतील कात्री आणि तिची दिशा

चौक कायम राहिला तर दोन गुणसूत्रे वेगळी होऊ शकत नाहीत आणि पेशीचे विभाजन धोक्यात येते. म्हणून तो वेळेवर सोडविणे आवश्यक असते. आतड्यातील ई. कोलाय जिवाणूत हे काम तीन प्रथिनांचा संच करतो. रुव्ह-ए चौकाला धरून तो चौरसासारखा सपाट उघडते, रुव्ह-बी इंजिनाप्रमाणे डीएनए ओढून चौक सरकविते आणि रुव्ह-सी दोन धागे कापून तो सोडविते. माणसात कात्रीचे काम करणारे जेन-१ हे प्रथिन २००८ मध्ये लंडनमधील स्टीफन वेस्ट यांच्या गटाने ओळखले. काही चौकजोड्या कात्री न लावताही, बीएलएम प्रथिनाच्या साह्याने, उलगडल्या जातात. या प्रथिनात दोष असल्यास ब्लूम सिंड्रोम हा दुर्मीळ आजार होतो आणि रुग्णास तरुण वयातच कर्करोगाचा धोका मोठ्या प्रमाणात संभवतो.

कात्री कोणत्या दोन धाग्यांवर चालते, यावर परिणाम ठरतो. एका दिशेने कापल्यास गुणसूत्रांचे मोठे भाग अदलाबदल होतात. दुसऱ्या दिशेने कापल्यास केवळ लहानसा तुकडा बदलतो. कापण्याच्या क्षणी चौक कोणत्या रूपात आहे, त्याला प्रथिनाने कोणते वळण दिले आहे, याला म्हणूनच महत्त्व येते. बीजपेशी तयार होताना ही अदलाबदल कमी किंवा भलत्या ठिकाणी झाल्यास गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत आल्याने होणाऱ्या डाउन सिंड्रोमशी अशा चुकांचा संबंध आढळला आहे.

मुंबई आणि बंगळुरू

भारतातही या क्षेत्राशी निगडित काम झाले आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. जे. राव यांनी डीएनएच्या देवाणघेवाणीत धाग्यांची जुळणी करणाऱ्या रेक-ए प्रथिनाचा अभ्यास केला. त्याच संस्थेतील जी. कृष्णमूर्ती यांच्या सहकार्याने डीएनएमधील एकेका जागेची थरथर मोजण्यात आली. त्यासाठी अ‍ॅडेनिनच्या जागी त्यासारखाच दिसणारा, परंतु प्रतिदीप्ती देणारा २-अमिनोप्युरिन हा घटक बसविला जातो. त्याचा प्रकाश किती क्षण टिकतो, यावरून त्या जागेची हालचाल कळते. ही मोजमापे रेणूंच्या समुदायावरची असली, तरी डीएनए ही ताठ काठी नसून जागोजाग हलणारी रचना आहे, हाच त्यांचाही विषय आहे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. मुनियप्पा आणि एम. विजयन यांच्या गटांनी क्षयरोगाच्या जिवाणूतील रेक-ए आणि चौकाला धरणारे रुव्ह-ए यांच्या स्फटिकरचना उलगडल्या. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असल्याने या निवडीमागील कारण उघड आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर लिव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांसारखी औषधे देतात. ती जिवाणूचा डीएनए तुटेल अशी परिस्थिती निर्माण करतात. तुटलेला डीएनए सांधण्याची यंत्रणा जिवाणूपाशी असते आणि त्या दुरुस्तीच्या वाटेवर हा चौक येतो. दुरुस्तीची यंत्रणा समजली, तर ती रोखण्याचा विचार करता येतो.

रुग्णापर्यंतचा मार्ग

मानवी पेशीतही तुटलेला डीएनए निर्दोष सांधण्याचा मार्ग याच देवाणघेवाणीतून जातो. त्या मार्गातील बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके १९९४-९५ मध्ये ओळखली गेली. त्यांत दोष असल्यास स्तनाच्या व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अशा गाठीच्या पेशींपाशी हा मार्ग नसल्याने, दुरुस्तीचा दुसरा मार्गही बंद केल्यास त्या तग धरू शकत नाहीत. या तर्कावर आधारलेल्या ओलापॅरिब या औषधास अमेरिकेत २०१४ मध्ये प्रथम मान्यता मिळाली. हे औषध एकरेणू-प्रयोगांतून निघाले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र दुरुस्तीची यंत्रणा पायरीपायरीने समजल्याशिवाय असा तर्कही शक्य झाला नसता. त्या पायऱ्यांपैकी सर्वांत चंचल पायरी म्हणजे हा चौक होय.

एकरेणू-पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. ती दोन बिंदूंमधील अंतर सांगते, संपूर्ण आकृती नाही. कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमधील वेळेत रेणूने घेतलेल्या झटपट उड्या तिला दिसत नाहीत. काचेवरील स्वच्छ द्रावण म्हणजे दाटीवाटीची पेशी नव्हे. म्हणूनच स्फटिकरचना, अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि संगणकीय गणिते यांच्या जोडीने तिचा वापर होतो. २०२२ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने रुव्ह-ए आणि रुव्ह-बी ही प्रथिने चौकावर काम करताना निरनिराळ्या क्षणी कशी दिसतात, याची चित्रमालिकाच मिळाली. एका पद्धतीने स्थिर चित्रे दिली, दुसरीने हालचाल दाखविली. दोन्ही मिळून वृत्तांत पुरा होतो.

हॉलिडे यांनी १९६४ मध्ये तर्काने काढलेले चित्र हलताना दिसण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. त्या काळात चौक बदलला नव्हता, पाहण्याची रीत बदलली. समुदायाची सरासरी खोटी नव्हती. परंतु तिच्यातून जे दिसत होते ते कोणत्याच एका रेणूचे वर्तन नव्हते. सहस्रकुंडाचा पडदा दुरून कितीही स्थिर भासला, तरी पैनगंगेचे पाणी पुढे जाते ते थेंबाथेंबानेच. डीएनएच्या चौकातही आनुवंशिक मजकुराची देवाणघेवाण आणि दुरुस्ती घडते ती एकेका रेणूच्या एकेका वळणाने.